सावडीची कबड्डी

राळेगाव
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय मोहिउद्दीन,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. कारण आहे.

यंदा आपली कबड्डी लीग तीन ठिकाणी वाटली गेली आहे. गुरुवार-शुक्रवारचे सामने निळ्या ॲपवर, शनिवार-रविवारचे पिवळ्यावर. उपांत्य आणि अंतिम सामने तिसऱ्याच एकावर. त्याचं चिन्ह हिरवं आहे. केबल होती तेव्हा एक वायर घरात यायची आणि तिच्यातून सगळं यायचं, नको तेही. मी पिवळं घेतलं. माझ्या पोरीने, सुरभीने, टीव्हीवर बसवून दिलं. हौसेने आपल्या यवतमाळचा सामना लावायला गेलो तर पडद्यावर अक्षरं आली, हा सामना येथे उपलब्ध नाही. गुरुवार होता. पैसे देऊन मी कुंपण पाहत बसलो.

तीनही घ्यायची माझी तयारी नाही. परवडत नाही असं नाही. राग येतो.

तेव्हा आपण सावड करू. कापसाच्या वेचणीला करतात तशी. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. निळं तू घे. तुझ्या दिवसाचा सामना तू मला लिही, माझ्या दिवसाचा मी तुला लिहितो. फोनवर नाही. फोनवर निकाल आधी येतो आणि खेळ नंतर. मला खेळ आधी हवा. पेपरचं खेळाचं पान तुझ्या वहिनीला, तानाबाईला, चुलीजवळ ठेवायला सांगितलं आहे. नियम एकच, निकाल शेवटच्या ओळीत.

हिरव्याचं नंतर बघू. तिथपर्यंत आपली टीम पोचली तर रडायला वेळ मिळेल.

तुझा
बापूजी

.

उमरखेड
१८ ऑक्टोबर २०२५

बापूजी, सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझी भाभी सुग्राबी घाबरली. घरी पत्र येतं ते कोर्टाचं नाहीतर बँकेचं, असं तिला वाटतं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोनों बुढ्ढे पागल हो गये." म्हणजे सावड मंजूर.

निळं ॲप विकत घ्यावं लागलं नाही. आमच्या साजिदच्या मोबाइलच्या रिचार्जबरोबर ते आलं होतं, आणि पोराला माहीतही नव्हतं. माझं गॅरेज बंद केलं की मोबाइल पान्यांच्या पेटीला टेकवून ठेवतो आणि बघतो. आजूबाजूचे लोकही येतात. सगळ्यांचं तेच रडणं आहे. एकाकडे क्रिकेटचं आहे, एकाकडे बायकोच्या मालिकेचं आहे, कबड्डीचं पूर्ण कोणाकडेच नाही. मी भिंतीवर पाटी लावली आहे. "येथे निकाल सांगू नये. सांगणाऱ्याची गाडी दुरुस्त होणार नाही."

माझीही एक अट आहे. पेपरसारखं लिहू नको. गुण मला नकोत. पाय कुठे होता ते सांग. आपण जिल्ह्याच्या संघात खेळायचो तेव्हा तू चढाईहून परत येऊन मला कानात सांगायचास, तसं लिही.

गुरुवारी नांदेडशी होतं. आपला नवा चढाईवाला संघर्ष नावाचा आहे. उंच आहे, आणि उंच माणसाने वाकायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या तीन चढायांत तो उभाच आत गेला आणि उभाच धरला गेला. कोपऱ्यातला रजत चांगला आहे. टाच धरतो आणि सोडत नाही. पण त्याच्या शेजारचा हात सोडून देतो. नांदेडवाल्यांनी उत्तरार्धात आपल्यावर लोण चढवला आणि मग ते चालत खेळले.

तुझा
मोहिउद्दीन

हरलो.

.

राळेगाव
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मोहिउद्दीन,

दिवाळी झाली. वेचणी सुरू आहे, बायका सकाळी मोजून येतात आणि दुपारी मोजून जातात. शनिवारचा सामना अकोल्याशी होता.

तानाबाई समोर बसून डाळ निवडत होती. ती मधेमधे बोलते, त्यामुळे दोन चढाया नीट पाहता आल्या नाहीत. सुरभी आतल्या खोलीत होती. कानात काहीतरी घालून ती मोबाइल पाहते. तिला कबड्डीत रस नाही. लहानपणीही नव्हता.

संघर्ष डावीकडून आत शिरला. अकोल्याचा कोपरा मागे सरकला. मागे सरकणारा कोपरा घाबरलेला असतो किंवा हुशार असतो. हा हुशार होता. संघर्षने बोनस रेषेवर पाय टाकला, तोल त्या पायावर गेला, आणि टाच त्याच्या हातात दिली. पुढच्या वेळी मात्र त्याने पाय टाकल्यासारखं केलं आणि टाकला नाही. कोपरा पुढे पडला. त्याच्या पाठीला हात लावून हा परत आला. मी उठून उभा राहिलो होतो.

एक काम आहे. सुरभीसाठी उमरखेडचं स्थळ आलं आहे. मुलाचं नाव कपिल. शेतांत ठिबकच्या नळ्या बसवून देतो, घरची शेती आहे. सुरभी इथे रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, हे तुला माहीत आहे. स्थळाला ती "बघू" म्हणाली. या मुलीचं "बघू" मला कधी कळलेलं नाही. मुलगा कसा आहे ते बघ. गाजावाजा नको.

तुझा
बापूजी

दोन गुणांनी जिंकलो.

.

उमरखेड
२ नोव्हेंबर २०२५

बापूजी, सलाम.

चौकशीला लांब जावं लागलं नाही. तुझं पत्र मी वाचत होतो तेव्हा कपिल माझ्यासमोर टायरवर बसला होता.

तुला सांगायचं राहिलं. तुझी पत्रं मी गॅरेजमध्ये मोठ्याने वाचतो. शनिवार-रविवारचे सामने इथे कोणाकडे नाहीत, म्हणून लोक तुझी वाट पाहतात. ज्याला निकाल माहीत असेल त्याने गप्प बसायचं. रामराव, एसटी चालवायचे ते, त्यांना नेहमी माहीत असतो. ते गप्प बसतात पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो, म्हणून त्यांना पाठ करून बसवतो. घरचं मी वाचत नाही. तेवढ्या ओळींवर बोट ठेवतो. या वेळी तर पूर्ण हात ठेवला.

कपिल दर पत्राला असतो. ऐकताना जमिनीकडे पाहतो. मधेच म्हणतो, "चाचा, ते पाय कुठं होता ते पुन्हा वाचा." मुलगा चांगला आहे. कोणाच्या वावरात नळी फुटली तर फोन उचलतो. इथे तेवढं पुरेसं आहे. आवाज चढवत नाही. सामना पाहतानाही चढवत नाही, हे मला जरा खटकतं.

स्थळ तुझ्याकडचं आहे हे त्याला घरून कळलं होतं. मला म्हणाला, "पत्रं लिहिणाऱ्या बापूजींचीच ती पोरगी काय?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "त्या घरात सामना पाहाले मजा येत असन."

शुक्रवारी वाशीमशी झालं. संघर्ष आता वाकतो. वाकला की सापडत नाही.

तुझा
मोहिउद्दीन

जिंकलो.

.

राळेगाव
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय मोहिउद्दीन,

सुरभी हल्ली बाहेर येऊन बसते.

शनिवारी चंद्रपूरशी होतं. पूर्वार्धात संघर्ष तीनदा धरला गेला. मी म्हणालो, पाय जड पडतो आहे. सुरभी म्हणाली, "पायाकडे कायले पाहता? खांद्याकडे पाहा. उजवा खांदा पडला की तो डावीकडं जाते. त्या चंद्रपूरवाल्याले ते समजलं." मी पाहिलं. खरं होतं. खांदा आधी जातो, पाय मागून येतो. चंद्रपूरचा कोपरा खांदा पडायची वाट पाहत उभा होता.

उत्तरार्धात रजतने टाच धरली आणि ती सुटली. सुरभी म्हणाली, "तो एकटाच पकडून राह्यला. बाजूचीचा हात सोडला न, मंग जोर कुठून येईन?" मग स्वतःच म्हणाली, "बाजूच्याचा." आणि हसली. मीही हसलो. पुढची पकड दोघांनी मिळून केली आणि ती राहिली.

हे वाचून दाखवायला हरकत नाही.

तानाबाई बरी आहे.

तुझा
बापूजी

एका गुणाने हरलो.

.

उमरखेड
१४ नोव्हेंबर २०२५

बापूजी, सलाम.

वाचून दाखवायला हरकत नाही, असं तू याआधी कधी लिहिलं नव्हतंस. वाचलं.

खांद्याच्या ओळी संपल्या. मग रामराव पाठ करूनच म्हणाले, "हे पोरीनं सांगतलं?"

"पोरीनं."

"मंग आपल्या कोचले पगार कायले देऊन राह्यले?"

कपिलने ते पुन्हा वाचायला लावलं. गुरुवारी आम्ही सगळे मोबाइलभोवती बसून संघर्षचा खांदा पाहत होतो. दरवेळी तसंच. खांदा पडला की आमच्यातला कोणीतरी "डावीकडं" म्हणायचा आणि तो डावीकडे जायचा. एवढी वर्षं मी हा खेळ पाहतो आहे. निघताना कपिल म्हणाला, "पुढच्या पत्रात त्यांनी काय म्हटलं ते आधी वाचा. सामना मागून वाचा."

एक विचारतो. तिला रस नाही, असं तू लिहिलं होतंस. रस पंधरा दिवसांत येतो काय? येत असेल. मला इंजिनाची गोडी एका दुपारी लागली होती. सुग्राबी मात्र म्हणते, "बाप लिख रहा है ना? थोडा कम करके पढो."

तुझा
मोहिउद्दीन

जिंकलो. खांद्यामुळे नाही, समोरचा संघ कच्चा होता.

.

राळेगाव
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोहिउद्दीन,

रस येतो. माणसं बदलतात.

पिवळ्या ॲपने नवीन काढलं आहे. पैसे भरले तरी आता मधे जाहिराती येतात. बिनजाहिरातीचं हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. रविवारी निर्णायक चढाईच्या आधी दातांच्या पेस्टची जाहिरात आली. ती संपली तेव्हा सगळे खेळाडू उठून कपडे झटकत होते. काय झालं ते मला माहीत नाही. सुरभी म्हणाली, "संघर्ष सुटला नसन. त्याच्या गुडघ्याले माती पाहा. सुटलेला माणूस समोर पडते, धरलेला बाजूनं पडते. माती बाजूनं लागली." मग गुणफलक दिसला. तिचं बरोबर होतं.

येत्या रविवारी कपिल आणि त्याचे आईवडील येत आहेत. सुरभीला मी गॅरेजचं, पत्रांचं काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे.

या स्थळात माझं मन बसलं आहे. तिचंही बसेल. ती घरात फार बोलत नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं, हिला काही बोलताच येत नाही. आधीची दोन स्थळं तेवढ्यावर परत गेली. मुलाला आधीच थोडं काही माहीत असलं तर तिचं गप्प राहणं त्याला जाचणार नाही.

तुझा
बापूजी

हरलो, मातीत.

.

उमरखेड
३० नोव्हेंबर २०२५

बापूजी,

त्या रविवारच्या सामन्याचं तुझं पत्र आलं नाही. आम्ही वाट पाहिली. बुधवारी कपिल आला. गाडीला काही झालं नव्हतं तरी आला. लोक जाईपर्यंत थांबला.

त्याने सांगितलं ते लिहितो. तुला ठाऊक असेल, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐक. चहा झाल्यावर तुम्ही दोघांना अंगणात पाठवलं. त्याने विचारलं, "खांद्याचं तुमच्या ध्यानात कसं आलं?"

ती म्हणाली, "कोणाच्या?"

"संघर्षच्या."

"संघर्ष कोण?"

त्याला वाटलं, गंमत करते. त्याने सगळं सांगितलं. गॅरेज, पत्रं, गुडघ्याची माती, रामराव काय म्हणाले ते. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "मी कबड्डी बघत नाही." आणि आत गेली.

मी त्याला विचारलं, नाराज आहेस काय. तो म्हणाला, "नाराज नाई, चाचा. मी जिले भेटाले गेलतो ती तिथं नव्हती. अन् जी होती तिले मी दुसरीच्या गोष्टी सांगून आलो. तिले काय वाटलं असन?"

त्याच्या घरचे हो म्हणायला तयार आहेत. त्यानेच थांबा म्हटलं आहे.

बापूजी, तू ते माझ्या तोंडून वाचून घेतलंस. जुनी गाडी रंगवून नवी म्हणून विकणारे या रस्त्यावर आहेत. मी त्यांच्यातला नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात. आणि मुलगी बोलत नाही म्हणतोस. तिच्या वाटचं तू बोलून टाकल्यावर तिने काय बोलायचं?

एक अजून. ते बोलणं तू बनवलेलं नाहीस. तू खेळायचास तेव्हा कोणाच्या खांद्याकडे पाहिलं नाहीस, सरळ घुसायचास आणि मी तुला ओढून काढायचो. मग ते कोणाचं आहे? कपिलही तेच विचारत होता.

गुरुवारचा सामना मी लिहीत नाही.

मोहिउद्दीन

.

राळेगाव
५ डिसेंबर २०२५

प्रिय मोहिउद्दीन,

ते तानाबाईचं आहे.

खांदा, हातांची साखळी, माती, सगळं. "बाजूचीचा"ही तिचंच, लग्नाआधी ती मुलींच्या संघात खेळायची. ती डाळ निवडताना बोलते, शेंगा फोडताना बोलते. लग्न झाल्यापासून माझ्या शेजारी बसून ती हे बोलत आली आहे आणि मी त्याला मधे बोलणं म्हणत आलो. तू कपिलचं लिहिलंस त्यानंतरच्या शनिवारी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. चांगलं होतं. म्हणून मुलीला दिलं.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी जेवताना सुरभी आईला म्हणाली, "तू संघर्षच्या खांद्याबद्दल काय म्हटलं होतं?" तानाबाईने सांगितलं. ती सांगत गेली आणि मी ताटाकडे पाहत राहिलो. मग सुरभीने बाकीचं सांगितलं.

तानाबाई म्हणाली, "माह्यं बोलणं तुम्ही तिच्या नावावर चढवलं?"

मी म्हणालो, "तिच्यासाठीच."

"तिच्यासाठी होतं तर तिले काहून नाई विचारलं? अन् माह्यं होतं तर मले?"

सुरभी म्हणाली, "ते लोक कोणाले पाहाले आलते, बाबा? चहा घेऊन मी गेली. आईले पाठवाले पाहिजे होतं."

मला वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "आता माह्या तरफेनं कोणी काही सांगाचं नाई. हो पण नाई अन् नाई पण नाई." तेव्हापासून ती लॅबमधून येते, जेवते, आत जाते. मी दाराबाहेर दोनदा उभा राहिलो. काय विचारायचं ते सुचलं नाही.

तुझं बरोबर आहे. रंग मी दिला आणि विकायला तुला उभं केलं. हे पत्र कपिलला दाखव. मोठ्याने वाचलंस तरी चालेल, हात ठेवू नको.

आपली टीम वर गेली म्हणतात. ते सामने हिरव्या ॲपवर आहेत. मी घेणार नाही.

तुझा
बापूजी

.

उमरखेड
१० डिसेंबर २०२५

बापूजी, सलाम.

मोठ्याने वाचलं नाही. कपिलच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. चहाच्या ओळीपाशी थांबला.

"त्या असं म्हणाल्या? आईले पाठवाले पाहिजे होतं?"

"तसं लिहिलं आहे."

"हे तरी त्यांचंच हाये न?"

"हे तिचंच आहे. बापूजीला सुचणार नाही."

तेव्हा तो हसला. मी त्याला पहिल्यांदा आवाज करून हसताना पाहिलं.

मग त्याने विचारलं, तिला पत्र लिहू काय. मी म्हणालो, मला विचारू नको, बापूजीलाही विचारू नको. "मंग कोणाले विचारू?" मी म्हणालो, तिला. "तिले विचाराले पत्रच लिहावं लागन न, चाचा." मागून सुग्राबीचा आवाज आला, "अरे, लिख के पूछ ले. नहीं बोलेगी तो नहीं बोलेगी." त्याने लिहिलं. सोबत त्याची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. तू वाचायची नाही. सुरभीच्या हातात द्यायची आणि तिथून निघून जायचं.

टीम उपांत्य सामना जिंकली. रामरावांच्या चेहऱ्यावरून कळलं. रविवारी अंतिम आहे. हिरवं ॲप इथे कोणाकडे नाही. ते एका संध्याकाळसाठी वर्षाचे पैसे मागतात. साजिद म्हणाला, सगळे मिळून घेऊ. मी म्हणालो, आज हिरवं घ्याल, पुढच्या वर्षी जांभळं निघेल.

तानावहिनींना माझा सलाम सांग. गॅरेजने विचारलं आहे, रजतच्या शेजारी कोणाला उभं करावं. उत्तर त्यांच्या नावाने पाठव.

तुझा
मोहिउद्दीन

.

राळेगाव
१६ डिसेंबर २०२५

कपिल, नमस्कार.

तुमची चिठ्ठी मिळाली. बाबांनी हातात दिली आणि ते चप्पल न घालताच वावराकडे निघून गेले. मग परत येऊन चप्पल घेऊन गेले.

"तुम्ही काय बघता?" एवढंच तुम्ही लिहिलं आहे. हा प्रश्न मला आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. म्हणून उत्तर देते. हे पत्र गॅरेजमध्ये वाचायचं नाही. तुमच्या घरीही नाही.

बर्फाची एक लांब पट्टी असते. एक बाई वाकून तिच्यावरून दगड सोडते. दगड जात्यासारखा गोल असतो, वर धरायला मूठ असते. दूर टोकाला बर्फावर एकात एक वर्तुळं काढलेली असतात. दगड तिथे मधोमध जाऊन थांबायला हवा. एकदा हातातून सुटला की त्याला कोणी शिवायचं नाही. त्याच्या पुढे दोघी जणी झाडू घेऊन पळतात आणि बर्फ घासतात. दगडाला ढकलत नाहीत, वाट तेवढी घासतात. तेवढ्याने तो थोडा लांब जातो आणि कमी वळतो. जिने सोडला ती मागे गुडघ्यावर बसून बघत राहते. याला कर्लिंग म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. मोठ्या बाया, झाडू मारत पळतात.

मला ते का आवडतं ते नीट सांगता येत नाही. दिवसभर मी लोकांच्या हातातून रक्त काढते. सगळे हात मागे ओढतात आणि मी धरून ठेवते. संध्याकाळी कोणी काही धरून ठेवत नाही असं काहीतरी पाहायला मिळतं. कॅनडातल्या एका संघाची मी बाजू घेते. तो संघ बहुतेक हरतो. बोलायला कोणी नाही. लॅबमध्ये प्रियंकाला एकदा दाखवलं. ती म्हणाली, "झाडूच माराचा होता तर आपल्या लॅबमध्ये मार न."

हे सगळं हिरव्या ॲपवर दिसतं. ते मी पावसाळ्यातच घेतलं, माझ्या पगारातून. बाबा दोन महिने पुढच्या खोलीत बसून हिरवं कोणाकडेच नाही म्हणून कुरकुरत होते. मी आत होते. कानात आवाज चालू असायचा, म्हणून मला त्यांचं ऐकू आलं नाही. आत काय चाललं आहे ते त्यांनी विचारलं नाही. आता यात कोणाची चूक ते आम्हा दोघांनाही ठरवायचं नाही.

रविवारी मी अंतिम सामना टीव्हीवर लावून दिला. बाबा पडद्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "हे आपल्या घरात होतं?" मी हो म्हटलं. नंतर आई बोलत होती आणि बाबा लिहून घेत होते, तिच्या नावाने. मधेच आई म्हणाली, "थांबू काय? तुमची पेन्सिल मागं पडून राह्यली." मी शेवटपर्यंत बसले. मला खेळ फारसा कळला नाही. खांदा दिसला. निकाल आईच्या पत्रातून तुमच्या गॅरेजला कळेल. ते तिचं पहिलं पत्र आहे, आणि त्यात रजतबद्दल बरंच आहे.

आता स्थळाचं. तुमच्या घरच्यांना घाई असेल तर माझं नाही समजा. मला राग नाही. अंगणात तुम्ही बोलत होता तेव्हा तुमचा चेहरा फार आनंदी होता, आणि तो आनंद माझ्यासाठी नव्हता हे मला कळत होतं. तसं ऐकत उभं राहणं सोपं नसतं. तुम्हीही तुमच्या बाजूने खरं बोलत होता. पण हो म्हणायला तेवढं पुरत नाही.

घाई नसेल तर मला लिहा. कबड्डी नसते त्या दिवशी तुम्ही काय बघता, ते लिहा. काहीच बघत नसाल तर तसं लिहा. मी ॲपबद्दल विचारत नाही.

तुम्ही माझं एकच वाक्य ऐकलं होतं. मी कबड्डी बघत नाही, हे. ते खरं होतं. त्याआधी जे ऐकलं ती माझी आई. माझं उत्तर येईल तेव्हा ते बाबांच्या पत्रातून येणार नाही, आईच्या तोंडून येणार नाही, चाचांच्या आवाजातही नाही. ते या अक्षरात येईल. अक्षर फार चांगलं नाही. ओळखायला सोपं आहे.

सुरभी